रेंज नाही, असं मी म्हणाले

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. जे ओळखतात – आई, पप्पा, ऑफिसातले लोक, आणि जागू – त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर हे कधी गेलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मी टाळते. हसू नका. देवाला सगळं कळतं म्हणतात ना, मग मुद्दाम कशाला सांगायचं? पळवाटा काढण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

जागू म्हणजे जागृती. सातपाटीची. तिच्या बाबांची स्वतःची बोट होती, आई पालघरच्या बाजारात मासे विकायला बसते. मी बोईसरची, पप्पा कुंभवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टवर. पालघरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो ते बसलोच. पुढे एम.एस्सी.ला स्कॉटलंडलाही बरोबर गेलो, एकाच खोलीत राहिलो. मला तिथे दुसरं कुणी नव्हतं. तिलाही नव्हतं – पण तिला घर होतं.

म्हणजे काय, ते सांगते. तिच्या घरून रोज फोन यायचा. रोज म्हणजे रोज. बाबा बंदरावरून बोलायचे, मागे इंजिनाची धडधड, कुणीतरी कुणाला शिव्या घालतंय, मध्येच तिची आई ओरडणार, "जेवली का गो?" जागू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायची. बाबा माझीही चौकशी करायचे – "ती बोईसरवाली हाय का? तिला बोल, आली का पापलेट खायला ये." आणि माझ्या घरून? रविवारी एक फोन. "सगळं ठीक? बरं, ठेवतो." वाईट नाहीत हो माझी माणसं. पण तो फोन ठेवला की खोलीत अशी शांतता पसरायची, की मी उगाच नळ सोडून भांडी घासत बसायचे. मला जागूचा हेवा वाटायचा. झालं, हे एक लिहून झालं. अजून मुख्य राहिलंय.

तिथल्या समुद्रात एक बेट आहे. खांब एकाला एक चिकटून उभे करावेत तसे काळे खडक, त्यात गुहा, वर पक्ष्यांचे थवे. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याचा फोटो पाहिला आणि ठरवलं, परत जायच्या आधी हे बघायचंच. दोनदा ठरलं, दोनदा वाऱ्यामुळे बोट रद्द झाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हाही आभाळ फाटलेलंच होतं. शेजारच्या मोठ्या बेटावर मुक्काम होता, तिथेही बोटीनेच जायचं. बसमधून उतरून हॉस्टेलपर्यंत चालेपर्यंत आम्ही चिंब झालो, आणि जागूच्या खिशातला फोन भिजून बंद पडला. ती वैतागली. मला – काय सांगू – मला बरं वाटलं. दोन दिवस कुणाचा फोन नाही. दोन दिवस ती फक्त माझ्याबरोबर. पोचल्या पोचल्या तिने माझ्या फोनवरून घरी लावला आणि सांगितलं, काही लागलं तर हिच्या नंबरवर करा.

सकाळी धक्क्यावर उभे होतो. छत्री उलटीपालटी होत होती. बोटवाला म्हणाला, जाऊ, पण आत्ताच, नंतर नाही. जागू तिकिटांच्या रांगेत गेली आणि माझा फोन वाजला.

तिचा भाऊ होता, हेमंतदादा. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. तो ओरडून बोलत होता. "जागूला दे फोन. बाबाला पालघरला दवाखान्यात आनलाय. छातीत दुखतंय. तिच्याशी बोलायचा हाय बोलतो. दे लवकर."

मला सगळं ऐकू आलं. एकेक शब्द. मागे कुणीतरी स्ट्रेचरला वाट द्या म्हणत होतं, तेसुद्धा ऐकू आलं.

आणि मी म्हणाले, "हॅलो?"

तो म्हणाला, "ऐकू येतं का? हॅलो!"

मी पुन्हा म्हणाले, "हॅलो... हॅलो दादा? आवाज येत नाहीये..." नाटकात बोलतात तसं. थोडं थांबून, थोडं वाऱ्याकडे तोंड करून. मग फोन कापला. आणि बंद करून आतल्या खिशात टाकला.

का? हजारदा विचारलंय स्वतःला. पुढे मीच मला सांगायचे – तिला धक्का बसू नये म्हणून. परत बोट मिळाली नसती म्हणून. छातीत दुखतं, गॅसही असतो म्हणून. सगळं खोटं. मला तो दिवस हवा होता. इतकंच. आधी दोनदा वारा आडवा आला, आता तिच्या घराने तिला ओढून नेलं असतं आणि मी धक्क्यावर एकटी उरले असते, ते मला नको होतं.

जागू तिकिटं नाचवत आली. "कोणाचा फोन गो?"

"बँकवाले," मी म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं.

बोट धक्क्यापासून सुटली आणि हेलकावे खायला लागली. मी कठड्याला धरून ओकत होते आणि जागू माझे केस मागे धरून उभी होती. ती माझी पाठ चोळत होती, चिडवत होती – "बोईसरवाली गो तू, तुला काय झेपणार दर्या! तुला केमिकलचा वास दिला की बरी होशील." ती स्वतः मजेत होती. लाटा बघून तिचा चेहरा असा उजळला होता, की काय सांगावं. एवढी मोठी लाट आली, बोट एका अंगावर गेली, सगळे किंचाळले, आणि ही टाळ्या वाजवतेय!

तेव्हा ती म्हणाली, "दे ना फोन. बाबाला दाखवते ही लाट. वेडा होईल बघून."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? अजून वेळ होता. बाबा अजून होते. हे मला नंतर कळलं, पण तेव्हा नव्हते असंही मला कुठे माहीत होतं? मला फक्त एवढंच माहीत होतं, की आता फोन दिला तर सकाळचं सगळं अंगाशी येणार.

मी म्हणाले, "रेंज नाही गं."

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "नंतर सांगते त्याला."

बेट आम्हाला दिसलंच नाही. धुकं इतकं होतं की बोटवाल्याने माफी मागितली आणि बोट लांबूनच वळवली. जागू म्हणाली, जाऊ दे, लाटा तर बघितल्या.

संध्याकाळी हॉस्टेलच्या न्हाणीघरात मी फोन चालू केला. चुकलेल्या फोनांची ओळ होती आणि शेवटी हेमंतदादाचा मेसेज. बाबा गेले. मी बाहेर आले आणि म्हणाले, "जागू, आत्ता रेंज आली गं." पुढचं सांगत नाही. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि तो माझ्यापुरताच राहू दे.

दुसऱ्या दिवशी वादळाने खरोखरच त्या बेटावरून निघणाऱ्या सगळ्या बोटी बंद होत्या. ती सातपाटीला पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

मी परत आल्यावर तिच्या घरी गेले. जाणं भागच होतं. वाटेत दोनदा वाटलं, रिक्षा वळवावी. अंगणात बोंबील वाळत होते. तिच्या आईने मला जवळ घेतलं. वाऱ्यामुळे रेंज नव्हती, फोन लागला नाही, असं म्हणत मी रडत होते आणि तीच मला समजावत होती – "रडू नको. वारा होता ना तिकडं? मग झालं. वाऱ्याला कोन काय बोलनार?"

तुम्ही सातपाटीचे नसाल तर हे कळणार नाही. तिथे बोट वेळेवर आली नाही की वारा होता म्हटलं की पुरे. त्यावर जाब विचारत नाहीत. ज्याने त्याने आपलं माणूस असंच कधी ना कधी वाऱ्यावर सोडून वाट बघितलेली असते. हे मला माहीत होतं. जागूनेच सांगितलं होतं. म्हणूनच तर मी वाऱ्याचं नाव घेतलं.

आता जागू तारापूरच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये आहे, मी पलीकडच्या रस्त्यावर. अधूनमधून डबा एकत्र खातो. ती लोकांना सांगते, "त्या दिवशी ही होती म्हणून मी सावरले." मी मूग गिळून भात कालवते. तिच्यासमोर बसलेली असते तेव्हाच मला सगळ्यात एकटं वाटतं. घरी एकटी असते तेव्हा नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाला गेले होते. जेवणं झाली, माणसं पांगली. हेमंतदादा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि आपणहून बोलायला लागला. म्हणाला, त्या दिवशी आम्ही सारखा फोन लावत होतो, लागत नव्हता. मी चिडलो. बाबाच मला समजावत होता. फोन उशाला ठेवायला लावला त्याने. संध्याकाळपर्यंत सुद्धीवर होता. सारखा बोलायचा, "तिकडं वारा असंल. पोरींवर रागावू नको. वारा पडला का लागंल."

मी मान हलवली. म्हणाले, "हो दादा. खूप वारा होता."