कुंदावहिनीने घेतलेलं नाव

आमची कुंदावहिनी एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि बाईसाहेब निघाल्या चंदेरी किल्ल्याच्या वाटेवर, पठारापर्यंत. बदलापुरात डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी केंद्र काढायचंय, त्याच्या देणगीसाठी हा ट्रेक. ज्याने त्याने आपल्या गेलेल्या माणसासाठी चालायचं आणि वर पोचलं की त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं.

"अगं, झेपणार आहे का तुला?" मी म्हटलं.

"वन्सं, नाव घ्यायचंय," एवढंच बोलली.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. तिचा नवरा बाळ, म्हणजे माझा थोरला भाऊ. नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घ्यायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. वहिनीने सगळा संसार 'अहो'वर केला. मग दादाला हा आजार जडला. अंबरनाथची नोकरी, लग्न, सगळं पुसलं गेलं. आईने ठेवलेलं नाव तेवढं लक्षात राहिलं. बेलवलीच्या घरातून निघून कुठेही चालत सुटायचा. नात अनुयाने 'बाळ' म्हटलं तरी वळायचा. वहिनी 'अहो, अहो' करत मागे धावायची. रस्त्यावरचे बाकी सगळे पुरुष बघायचे, हा सोडून.

मला संताप यायचा. "घे की नाव, जीभ झडणार आहे का तुझी?" पण तिच्या तोंडून ते निघेचना. गेल्या वर्षी दादा झोपेतच गेला.

ट्रेकच्या टी-शर्टवर छापायला नाव विचारलं, तर हिने 'समीरचे बाबा' सांगितलं. तेच छापून आलं. समीरने, तिच्या लेकाने, कपाळावर हात मारून घेतला.

मीही गेले सोबत, तिला एकटीला कशी सोडणार? बसत-उठत पठार गाठलं. एकेक जण पुढे होऊन नाव घेत होता. वहिनीची पाळी आली. तिने टी-शर्टवरून घेतलेला पदर सावरला, घसा खाकरला.

"बाळ," ती म्हणाली. मग मोठ्याने, "बाळ, घरी चला."

मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. वहिनी मात्र वाटेकडे बघत उभी होती. मी दंडाला धरून तिला खाली बसवलं.

"वळले असते हो, वन्सं," ती म्हणाली. "माझ्याकडेसुद्धा वळले असते."