रिंग रोडच्या पलीकडे पहिली बस

बस येणार ही बातमी कळली तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं, आणि ते उतू गेलं ते गेलंच. लेआउटच्या ग्रूपवर कुणीतरी लिहिलं होतं की सोमवारपासून सिटी बस थेट आपल्या गेटपर्यंत येणार. सकाळी एक, संध्याकाळी दोन. महिनाभर चालवून बघणार, माणसं चढली तर कायम. मी अशी काही ओरडले की आमचे हे तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर धावले. "साप निघाला का?" त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे एवढ्या मोठ्यानं ओरडायला एरवी ते एकच कारण असतं.

आम्ही म्हैसूरकर खरे, पण राहतो म्हैसूरच्या बाहेर. टी. नरसीपूरच्या रस्त्याला रिंग रोड ओलांडला की प्लॉट पाडलेली जी लेआउट सुरू होतात, त्यातलं आमचं. गावातून चामुंडीचा डोंगर समोरून दिसतो, आम्हाला पाठीमागून. दहा साइट, म्हणजे प्लॉट, रिकाम्या की मग एक घर. रिकाम्या साइटवर कमरेइतकं काँग्रेस गवत, त्यात मोर. पाहुणे मोर बघून "अय्या, किती छान!" म्हणतात. त्यांना म्हणावं, पहाटे चारला त्याचं गाणं ऐका आणि मग बोला.

सकाळी आठपर्यंत आमचं लेआउट चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं असतं. डबे, हेल्मेट, शाळेच्या व्हॅन, "चावी कुठाय, चावी!" हेब्बाळकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या रिंग रोडच्या चौकात थांबतात. तिथवर जो तो आपापल्या दुचाकीनं पळतो. मीही त्यातलीच. साडेआठला सगळं सामसूम. मागे उरतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि पाण्याचा टँकर.

त्या सामसुमीत माझी आई बसलेली असायची.

बाबा गेल्यावर मीच तिला हट्टानं आणलं होतं. आमचं घराणं शिंप्याचं, पिढ्यान्‌पिढ्या गावातलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण दोन्हीत. बाबांचं दुकान गल्लीच्या तोंडाला. आई आत बसून ब्लाउजना हुक लावायची आणि अख्ख्या गल्लीला सल्ले द्यायची. मुंज कुणाची, बारसं कुणाचं, रुखवतात काय ठेवायचं, सगळं तिला विचारून. माझ्याकडे आल्यापासून तिला कुणी काही विचारत नव्हतं. शेजारणी भल्या होत्या, पण संध्याकाळी घरी येऊन कुकर लावेपर्यंत त्यांच्या अंगात बोलायचं त्राण नसे.

दर एकादशीला तिला गावातल्या विठोबाच्या देवळात भजनाला जायचं असे. पहिला अभंग तिचा. ती बसल्याशिवाय टाळ वाजत नसत. पण जायचं कसं? हे रजा काढणार, नाहीतर मी काढणार, नाहीतर रिक्षावाल्याच्या हातापाया पडायचं. एकदा स्कूटरवरून उतरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाच्या तरी पाठीमागं बसून देवाला जायचं, हे मला जमत नाही बघ. माझी मी जाईन, माझी मी येईन, आणि वेळेवर पोचेन, असं झालं तर तुझ्याकडे राहते. नाहीतर दसरा झाला की जाते दादाकडे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. वहिनीनं खोली झाडूनपुसून तयारही ठेवली होती. वहिनी चांगली आहे हो, पण आई माझी पण आहे ना! मला ती हवी होती. घरी आल्यावर दारात कुणीतरी "आलीस?" म्हणणारं हवं होतं. आता दुधानं ओटा माखलेला असताना आईनं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "सोमवारी एकादशी." मी तर नाचायचीच बाकी होते.

सोमवारी गेटपाशी जत्रा. ज्यांना कुठंही जायचं नव्हतं तेसुद्धा न्हाऊनमाखून हजर. मंड्याकडच्या शेजारीणबाईंनी परातीएवढा कोहळा आणला होता. तिसऱ्या क्रॉसचे, म्हणजे तिसऱ्या आडव्या गल्लीतले, रिटायर्ड मास्तर केळीचे दोन खुंट खांद्यावर घेऊन आले. कुणाच्या हातात झेंडूच्या माळा, कुणाकडे लिंबं, कुणाकडे चुरमुरे-फुटाणे. दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्याकडे गाड्यांना असेच खुंट बांधून कोहळा फोडतात; जणू ती महिनाभर आधीच आली होती. धूळ उडवत बस वळणावर दिसली आणि टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. साधी लाल बस हो! पण आमच्या रस्त्यावर, आमच्यासाठी!

आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सामान आहे, बस आहे, पण पूजा करणार कोण? भटजींना सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कोहळा आधी की आरती आधी, यावर दोन तट पडले. मास्तर म्हणाले आरती, मंड्याच्या बाई म्हणाल्या कोहळा. तेवढ्यात गर्दीतून आईचा आवाज आला, "अय्यो, कोहळा आधी फोडून ठेवला तर ओवाळायचं कुठं उभं राहून? पायाखाली चिखल नाही का होणार?"

सगळे वळले. "अज्जी, तुम्हीच करा," मंड्याच्या बाई कन्नडात म्हणाल्या.

आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि पदर खोचला. मग काय विचारता! खुंट कसे बांधायचे, माळ कुठून कुठं, लिंबू कुठल्या चाकाखाली, पोटभर हुकूम सुटले. एकूण एक चाकाला हळदकुंकू. स्टिअरिंगला हळदकुंकू. ड्रायव्हरच्या कपाळाला हळदकुंकू. मग आरती. एक झाली, मी म्हटलं झालं. दुसरी सुरू केली. लोकांना शब्द येईनात तरी टाळ्यांचा ठेका धरला होता. तिसरीला ड्रायव्हरनं घड्याळ दाखवत "टैम् आयतु अम्मा" म्हणून बघितलं, वेळ झाली म्हणून. आई त्याला म्हणाली, "अर्धवट ओवाळलेली गाडी रस्त्यावर न्यायची का? तुझ्याच जिवाची काळजी करतेय ना मी?" बिचारा खाली बसला.

मी तिच्या कानाशी लागले. "आई, भजन! उशीर होईल!"

"हो गं, झालंच," म्हणाली आणि कंडक्टरकडे वळली. "तुझं हत्यार कुठाय?"

आमच्या घरी दसऱ्याला शिलाई मशीन पुजतात, कात्री पुजतात, सुईसुद्धा सोडत नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचंच, त्यात चालढकल नाही. कंडक्टर बाई होती, तिनं आपलं तिकिटाचं मशीन भक्तिभावानं पुढं केलं. आईनं ओल्या हळदीचं बोट त्याला असं काही दाबून लावलं की मशीन एकदा टुंई करून गप्पच झालं. मी कपाळावर हात मारला. बायकांचं तिकीट फुकट असलं तरी ते मशीनमधून काढावंच लागतं, त्याशिवाय बस हलेना. मग रुमाल आले, कापूस आला, कुणी फुंकर मार म्हणालं, कुणी बॅटरी काढ म्हणालं. मास्तरांनी तर उन्हात धर म्हणून सांगितलं. बऱ्याच वेळानं ते पिवळं झालेलं मशीन जागं झालं तेव्हा पुन्हा टाळ्या! कोहळा फुटला, बस हलली आणि चुरमुरे खिडकीतून आत आले.

आई पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती, गाल लाल झालेले, केसांत झेंडूची पाकळी. इतकी खुशीत मी तिला बाबा गेल्यापासून बघितलंच नव्हतं. रिंग रोडचा चौक आला. माझी कंपनीची बस कधीच निघून गेली होती. मी उतरताना तिनं विचारलं, "किती वाजले?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे भजन सुरू झालं," एवढंच बोलली. बस निघून गेली, केळीचे खुंट हलवत.

दिवसभर ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. एक अट घातली होती बाईनं, आणि स्वतःच स्वतःच्या हातानं मोडली! हसावं की रडावं? दुपारी दादाला फोन केला. "आलीय," तो म्हणाला. "साबुदाणा खाल्लाय, पडलीय. गप्प आहे. आज राहू दे इथंच, कशाला तिची ओढाताण?" गप्प! माझी आई आणि गप्प! मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आज राहणार, उद्या राहणार, मग एक दिवस दादा येऊन तिच्या साड्या घेऊन जाणार. ज्या बसनं तिला माझ्याकडे ठेवायचं, तीच बस तिला सोडून आली होती. जीव नुसता तुटत होता.

संध्याकाळी मी चौकातून चालत घरी न जाता थेट गेटपाशी जाऊन उभी राहिले. पहिली बस आली. मंड्याच्या बाई उतरल्या, पोरं उतरली, आई नाही. बाई म्हणाल्या, "अज्जी?" मी मान हलवली आणि गवताकडे बघत राहिले. फोन करायचं धाडस होईना. दादानं "झोपली" म्हटलं असतं तर काय करायचं होतं मी?

दुसरी बस आली तेव्हा दिवे लागले होते. पुढच्या दारातून आधी कंडक्टर बाई उतरली, आणि तिच्यामागे, दांडी धरून, कुणाचाही हात न घेता, माझी आई.

"दमलीस का गं?" मी विचारलं. खरं विचारायचं होतं ते तोंडातून निघेना.

"कशानं दमू? बसूनच तर आले." ती चालायलाही लागली. "भजन सुरू झालं होतं. मागं बसले. पहिला अभंग दुसरीनंच म्हटला. सगळ्या वळून वळून बघत होत्या."

"मग?"

"मग काय! संपल्यावर घेरलंच सगळ्यांनी, उशीर का, उशीर का. म्हटलं, आमच्या बसची पूजा होती. माझ्याशिवाय निघेना."

मी रस्त्यात थांबले. "आणि दादाकडे गप्प का होतीस?"

"दुपारी माणूस झोपतं तेव्हा बडबडतं का?"

"आई, नीट सांग. दसरा झाला की जाणार तू? वेळेवर तर पोचली नाहीस."

ती वळली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बटणाच्या जागी हुक लावला होता.

"आणि दसऱ्याला ह्या बसला खुंट कोण बांधणार? तू? शिंप्याची लेक असून तुला धड गाठ मारता येत नाही."