चिठ्ठीत आलेली बाजू

बायडाबाईला मी शिबिरात बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगते. गावात आता सगळे म्हणतात, विजयमाला मॅडमनी बघा कशी हेरून आणली. कसली हेरून! ती शाळेच्या हापशावर मेंढरं पाजायला आली होती आणि माझ्या पोरांना हसली होती. मला असा राग आला होता की विचारू नका.

मी धारूरच्या घाटाखाली, आमच्या गावच्या हायस्कूलला मराठी शिकवते. दर मे महिन्यात दहा दिवस पोरांचं वक्तृत्व आणि वादविवादाचं शिबिर घेते. सकाळी सात ते दहा, पटांगणातल्या लिंबाखाली. दहानंतर पत्र्याच्या वर्गात माणूस भाजून निघतो. त्या दिवशी बावीस पोरं एकामागून एक उभी राहत होती आणि बावीसच्या बावीस तेच बोलत होती. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो!" हातही तोच, तसाच वर जाणारा. मधेच विसरलं की डोळे आभाळाला लावायचे आणि पहिल्यापासून परत सुरू. घरी कुणीतरी लिहून दिलेलं, यांनी घोकलेलं. माझं डोकं आधीच तापलं होतं, त्यात मागून खुदकन हसू आलं.

वळून बघते तर हापशाजवळ शंभरेक मेंढरं, आणि त्यांच्यात काठीवर हनुवटी टेकून उभी असलेली बायडाबाई. सटवा मेंढपाळाची आई. तोवर मी तिला येता-जाता बघितलेली, बोलणं कधी नाही.

"का हो मावशी, हसायला काय झालं?"

"न्हाई, म्हणलं, ह्या लेकरांना कुणी रागावलंय का? कावून वरडायलेत एवढी?"

"ओरडत नाहीत. भाषण करतात."

"कुणापुढं?"

मी फणकाऱ्यानं म्हणाले, "एवढं कळतंय तर तुम्हीच करून दाखवा."

दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून निघून गेली असती. ही बाई पोरांकडे पाठ करून मेंढरांकडे वळली आणि घरात सुनेशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "चला गं बायांनो, तुमचं झालं न्हवं? मागच्यांना पिऊ द्या आता." पुढची मेंढरं बाजूला सरली. मागची पुढं आली. हात हलला नाही, काठी हलली नाही. माझी बावीस पोरं आ वासून बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर मीपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच हापशावर तिची वाट बघत उभी. लाज वाटत होती, पण गरज माझी होती. "मावशी, रोज तासभर येता का पोरांसाठी?"

"अगं माय, मला अक्षर वळखू येत न्हाई."

"मला कुठं मेंढरू ओळखू येतं?"

ती लई हसली आणि आली.

बायडाबाईचं वय पासष्ट असेल, तिलाही पक्कं ठाऊक नाही. दिवाळी झाली की हे बिऱ्हाड मेंढरं घेऊन गाव सोडतं. युसूफ वडगावकडून अंबाजोगाईच्या अंगाला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. म्हणजे कळप रात्री त्या रानात मुक्कामाला राहतो, जमिनीला खत मिळतं आणि मालक मेंढपाळाला ज्वारी देतो. पण त्याआधी कुणीतरी परक्या गावात, परक्या माणसाच्या दारात उभं राहून विचारावं लागतं. नवरा वारल्यापासून तीस वर्षं ते काम हीच करते. सटवाला पाठवलं तर तो ज्वारीऐवजी भांडण घेऊन येतो, असं ती त्याच्या तोंडावर सांगते.

"मग काय बोलता तुम्ही दारात?" पोरांनी विचारलं.

"त्यो न्हाई म्हणायच्या आधी त्याचं न्हाई आपणच बोलायचं," बायडाबाई म्हणाली. "म्हणायचं, मालक, मेंढरं तुमच्या उसाला तोंड लावतील आसं तुमाला वाटायलंय. बरोबर हाय. माझा ऊस आसता तर मला बी वाटलं आसतं. मग मालक गडबडतो. त्याच्याजवळ बोलायला काई राहतच न्हाई. तवा मग आपलं सांगायचं, हळू."

मी बारा वर्षं फळ्यावर 'प्रतिपक्षाच्या मुद्द्यांचे खंडन' असं लिहीत आले. एका पोराला कळलं असेल तर शपथ. हे बावीसच्या बावीस जणांना एका दमात कळलं. मला आनंद झाला आणि थोडं जळलंही, खोटं कशाला बोलू.

मग तिनं सराव सुरू केला. साडेनऊला मेंढरं लिंबाच्या सावलीत बसत. त्यांच्यापुढं उभं राहून बोलायचं. ओरडलं तर मेंढरं बुजतात. पुटपुटलं तर ढुंकून बघत नाहीत. आपल्या जिवातलं बोललं तर बसून राहतात, निदान बायडाबाईचं म्हणणं तसं. हरिओम हा आमचा दणकट आवाजाचा पोरगा. त्याच्या तिसऱ्या वाक्याला अख्खा कळप उठून चालता झाला. पोरगं रडकुंडीला आलं. बायडाबाई त्याला जवळ घेऊन म्हणाली, "आरं, उन्हाला उठली ती. तुझ्या भाषणाला न्हाई." आणि माझ्या कानात म्हणाली, "भाषणालाच उठली." मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत शिबिरात इतकं हसलो नव्हतो आम्ही.

आणि मग माझी अक्कल चरायला गेली.

शेवटच्या दिवशी वादविवाद असतो. विषय ताजा असावा म्हणून मी लिहिलं, 'गावच्या गायरानावर सौर प्रकल्प व्हावा.' तळ्याकाठचं ते साठ एकर गवत म्हणजे आमचं गायरान. तिथं सौरऊर्जेच्या प्लेटी बसणार, शेतीला दिवसा लाईट मिळणार, अशी बोलणी चालली होती. शिबिर संपल्यावर चारच दिवसांनी त्यासाठी विशेष ग्रामसभा होती. आणि पावसाळाभर बायडाबाईचा कळप त्याच गवतावर जगतो. ते गेलं की मेंढरं विकून टाकायची, दुसरा रस्ता नाही, असं सटवा गावभर सांगत होता. हे सगळं मला माहीत होतं. पण मला फक्त विषय दिसला, माणसं दिसली नाहीत.

बाजू चिठ्ठीनं ठरते, हा माझा जुना नियम. ज्याला जी येईल ती त्यानं मनापासून मांडायची. हरिओमला आली प्रकल्पाच्या विरोधातली, आणि त्याचा बाप तर दिवसाच्या लाईटसाठी देव पाण्यात घालून बसलेला. प्रकल्पाच्या बाजूची चिठ्ठी निघाली ऋतुजाला. ऋतुजा म्हणजे माझ्या बावीस पोरांतलीच एक, सटवाची लेक, बायडाबाईची नात, यंदा दहावीला जाणार. चिठ्ठी वाचून तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, बदलून द्या ना. मी आपलंच कुरण काढून घ्या म्हणू का?"

मी नियमाला चिकटणारी बाई, पण तेव्हा माझाही हात चिठ्ठीकडे गेला. बायडाबाईनंच अडवलं. "कावून बदलायची? मला बी कळू दे की ती प्लेटवाली माणसं काय म्हणत्यात. आजवर मला नुसतं म्हणत्यात, मेंढरं काढा. का काढा, ते कुणी सांगितलंच न्हाई."

मग पोरगी चार दिवस दारोदार फिरली. हरिओमच्या बापाकडे गेली. लाईट रात्री येते म्हणून तो रात्रीबेरात्री पाणी द्यायला जातो, दोनदा पायाखाली साप आलाय, हे ऐकून आली. घरी आजीसमोर सगळं मांडलं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरं हाय की त्यांचं बी." त्या दिवशी आजी नीट जेवली नाही, असं ऋतुजानं मला सांगितलं. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

वादविवादाला प्रमुख पाहुणे अर्जुनराव. त्यांना सगळं गाव बप्पा म्हणतं. सरपंच त्यांची सून आहे, पण माईक बप्पांच्या हातात असतो. प्रकल्प गावात आणायचा ध्यास त्यांचाच. ऋतुजा इतकी सुंदर बोलली की पहिला नंबर तिचाच, हरिओमनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. बप्पा तर उठून उभे राहिले. "ही पोरगी ग्रामसभेत बोलणार! हेच भाषण, जसंच्या तसं. मी सांगतोय."

बप्पा काही खुळे नाहीत. खुद्द मेंढपाळाची लेक प्रकल्प मागते म्हटल्यावर विरोध करायला कोण उठणार? पोरीचं तोंड आणि आजीचं कुरण, दोन्ही त्यांनी एका झटक्यात उचललं होतं, आणि चिठ्ठी होती माझी.

मी तडक बायडाबाईच्या पालावर गेले. ती एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसली होती. "मावशी, चूक माझी आहे. ऋतुजाला पाठवू नका. बप्पांना मी सांगते काहीतरी."

"बप्पानं माईक दिलाय न्हवं तिला?"

"हो, पण..."

"मला साठ-पासष्ट वर्षांत कुणी दिला न्हाई. जाऊ द्या."

"अहो, ती तुमच्या विरोधात बोलणार!"

"बोलू द्या की," असं म्हणून तिनं काटा मला दाखवला. "बगा केवढा निघाला." मी चिडून घरी आले. म्हटलं, या बाईचं डोकं फिरलंय, आपण तरी किती सांगणार.

ग्रामसभेला मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. बायडाबाई जन्मात पहिल्यांदा सभेला आली आणि बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढं बसली. बप्पांनी ऋतुजाची ओळख करून दिली, डोक्यावर हात ठेवला आणि माईक दिला. पोरगी चार मिनिटं बोलली. अध्यक्ष महोदय नाही की बालमित्र नाही. रात्रीचं पाणी, साप, झोपमोड, जळालेल्या मोटारी, सगळं हळू आणि नीट. शेतकरी माना डोलवत होते. टाळ्या कडाडल्या. बप्पांनी हसत माईकसाठी हात पुढं केला.

ऋतुजानं माईक दिला नाही.

"थांबा बप्पा. ही झाली मला चिठ्ठीत आलेली बाजू. आमच्या शिबिरात एक बाजू बोलली की दुसरी पण बोलावी लागते. आता माझी."

असा काही नियम आमच्या शिबिरात नाही! पोरीनं तिथल्या तिथं रचला. मी मान खाली घातली, नाहीतर हसू दिसलं असतं.

"बप्पा म्हणतील, शंभर मेंढरांसाठी गावानं अंधारात राहायचं का? बरोबर आहे, नाही राहायचं. लाईट पाहिजेच. पण प्लेटी तळ्याकडंच का? वर डोंगराच्या कडेला गावचीच तेवढी मुरमाड जमीन आहे. तिथं गवताचं पातं उगवत नाही. ऊन मात्र खालच्यापेक्षा जास्तच पडतं." लोक हसले. ती हसली नाही. "माझी आजी तुमच्या रानात मेंढरं बसवते. मेंढरं विकली तर दिवसा लाईट येईल, पाणी येईल, पण खत कुठून आणाल? आणि माझ्या आजीनं पहाटे उठून कुणाला हाक मारायची?"

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा फाटला. आधी हरिओमचा बाप उठला. "बप्पा, वर कावून चालत न्हाई हो?"

प्रकल्पाचा माणूस बाजूलाच बसला होता. त्यानं डोकं खाजवलं. "चालतं तसं. रस्ता लांब पडेल, तारा जास्त लागतील."

सगळी सभा बप्पांकडे बघायला लागली. बप्पा लालबुंद. मागून कुणीतरी ओरडलं, "बप्पा, माईक तर तुमीच दिला!" असा हशा पिकला की पारावरची कबुतरं उडाली. बप्पांनी कपाळ पुसलं, ऋतुजाकडे एकदा बघितलं आणि शेवटी त्यांनाही हसू फुटलं. "लई बेरकी हाय पोरगी," ते म्हणाले. "लिहा ठराव. खालचं गवत राहील, प्लेटी वर. करा हात वर."

हात वर व्हायला लागले. ग्रामसेवक वही घेऊन रांगेरांगेनं मोजत आला आणि बायडाबाईपाशी थांबला. तिनं दोन्ही हात वर केले होते.

"आजी, एकच करायचा असतो."

"एक माझा हाय," बायडाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "दुसरा नातीचा. तिला आजून अठरा झाली न्हाईत."

ग्रामसेवकानं एकच हात मोजला. तेवढ्यातही ठराव झाला.