दोन मिनिटांचा यजमान

"तूच बसलास ना? मग तूच धू."

बडे बाबू बोलले. पाट माझ्या पुढ्यात होते. दोन पाट. एकावर मी बसलो होतो, एकावर माझी बायको. मी बादली आणली. धुतले. वरून विचारलं, "बाबू, फिनाईल टाकू का थोडं?"

सगळं हापिस हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी.

मी असाच. तिसरीतून पळालेला. लोकांना हसवलं की लोक मारत नाय, एवढी एकच विद्या मला येते. त्या विद्येवर बायको सांभाळली, पोरगी वाढवली, आणि स्वतःची पार माती केली.

दाखले देणारं एक सरकारी हापिस हाय, घणसोलीच्या अंगाला. जन्माचा दाखला, मयताचा दाखला. तिथं मी आणि सुरेखा, माझी बायको, कंत्राटी साफसफाईवर होतो. ती मजले पुसायची, मी संडास. दिघ्यावरून दोघं एका बसनं यायचो.

दर श्रावणात हापिसात सत्यनारायण. सामान आणायचं काम माझं. आता बघा, आमी बौद्ध. माझ्या बापानं गावाकडं घरातले देव नदीत सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आणि त्याचा हा पोरगा सात वर्षं घणसोली गावातल्या दुकानातून सुपाऱ्या मोजून आणतोय. यादी मला तोंडपाठ. केळीचे खांब चार, विड्याची पानं पंचवीस, गहू, नाडा, गोमूत्राची बाटली एक. एकदा भटजी तुळस विसरला तर मी आठवण करून दिली. छाती फुगली माझी. वाटलं, काय मान हाय आपल्याला या हापिसात!

त्या साली सायेब नवीन आलेले. पूजेला ते आणि त्यांची मिसेस बसणार होते. आमाला सांगितलेलं, जरा बरे कपडे घालून या, फोटो काढतात. सुरेखा हिरवी साडी नेसून आली. मी इस्त्रीचा शर्ट. साडेनवापर्यंत सगळं मांडून झालं. हॉलमध्ये आमी दोघंच.

मी बोललो, "सुरेखा, बस की. चौरंग सरळ हाय का, बसून बघू."

"नको. कोन येईल."

मी हाताला धरून बसवली. चूक माझी. तिची काय नाय.

तेवढ्यात भटजी आला. नवीनच कोण तरी. हातात हेल्मेट, घामाघूम. "वा, यजमान तयार! उठू नका, उठू नका. मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

मी उठायला पाहिजे होतं. सांगायला पाहिजे होतं. पण आतला जोकर बोलला, थांब, मजा बघू. भटजीनं कपाळाला कुंकू लावलं. पळीनं हातावर पाणी दिलं. सुरेखाला बोलला, "वहिनी, यांच्या हाताला हात लावा."

वहिनी. त्या हापिसात तिला 'ए बाई' सोडून कोणी काय बोललं नव्हतं. तिनं हात लावला, तो काढलाच नाय. मला वाटलं, भीतीनं. आता वाटतं, नसेल.

"गोत्र?"

"कंत्राटी," मी बोललो.

भटजी हसला. "माहीत नसेल तर कश्यप म्हणा. त्यात सगळे चालतात."

सगळे चालतात! दोन मिनिटं मी कश्यप होतो.

मग दारातून बडे बाबू, सायेब, मिसेस, मागं सगळा स्टाफ.

"अहो गुरुजी, काय हे! हे आपले संडास धुणारे!"

हसले लोक. भटजी पण हसला आधी. मग त्यानं हळूच विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्यानं पळी खाली ठेवली. त्यानंतर माझ्याकडं बघितलंच नाय. बाबूंना बोलला, "पाट धुवून घ्या. जागा शुद्ध करू. संकल्प पुन्हा सोडावा लागेल."

सायेब वाईट माणूस नाय. ते मोबाईलमध्ये बघत राहिले.

गोमूत्राच्या बाटलीचं झाकण कोणाला निघेना. ते पण मीच काढून दिलं.

पाट पुसून झाले तसे बाबू बोलले, "आता दोघं बाहेर थांबा. आरती होईपर्यंत आत यायचं नाही. आणि खिडकीवरच्या लोकांना सांग, तीननंतर या."

बाहेर पंचवीसतीस माणसं. एक म्हातारी चाची बुरख्यात, नवऱ्याच्या मयताचा दाखला न्यायला आलेली. "बेटा, कितना टाइम?"

मी बोललो, "चाची, साहब लोग भगवान की लाइन में खडे हैं. उनका नंबर आएगा, फिर तुम्हारा."

कोणी हसलं नाय. चाची पायरीवर बसली. प्लास्टिकची पिशवी मांडीवर ठेवून, नुसती.

सुरेखानं पदरानं कपाळ पुसलं. बोलली, "ते हसले ते हसले. तुमी का हसलात?"

ती तशीच बसस्टॉपकडं गेली. घरी गेल्यावर आठ दिवस माझ्याकडं पाठ करून झोपली. ताट वाढायची, पाणी ठेवायची. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

तुमाला वाटेल, मी दुसऱ्याच दिवशी भांडलो असेन. कुठला! वर्षभर गेलो कामाला. हापिसानं माझं नावच कश्यप ठेवलं. "ए कश्यप, दोन नंबर तुंबलाय." "आलो सायेब." "कश्यप, वास येतोय रे." "आलो सायेब." मी हसून जायचो. खरं सांगतो, नाव माझ्या आईनं ठेवलेलं, पण ते मला आठवायला वेळ लागायला लागला. भाड्याची खोली, पोरीची फी, जायचं कुठं? संडासात दार लावून उभा राहायचो. पाणी सोडून द्यायचो नळाचं, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. कसला आवाज, ते तुमी समजा.

एक दिवस जिन्यात ऐकलं. शिपाई सुरेखाला बोलला, "ए कश्यपीन, इथं पाणी सांडलंय." ती खाली बसली आणि पुसायला लागली. माझ्याकडं एकदा बघितलं.

पुढचा श्रावण आला. बाबूंनी यादी पुढं केली. "हे घे. आणि या वेळी सामान ठेवलं की खाली पार्किंगमध्ये थांबायचं दोघांनी. गोंधळ नको."

मी बोललो, "नाय आणणार."

"काय?"

"संडास धुतो, गटार काढतो. ते माझं काम हाय. हे नाय."

"अरे, देवाचं काम आहे."

"देवाचं असेल बाबू, हापिसाचं नाय. हापिसाचं असतं तर मी बसलो ते चाललं असतं."

"माज आला का तुला?"

"आला. लय उशिरा आला."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. उद्यापासून येऊ नको. बायकोला पण सांग. सुरेखा तर एक शब्द बोलली नव्हती. आधी तिची इज्जत मी घालवली, मग नोकरी पण मीच घालवली. असा नवरा.

आता मी मजुरीसाठी नाक्यावर उभा राहतो. कधी काम मिळतं, कधी उन्हं डोक्यावर आली की परत. सुरेखा ऐरोलीत भांडी घासते. खोलीवाला रोज दारात येतो. लय वाईट दिवस हायेत, खोटं कशाला बोलू.

पण अर्ज लिहिला. सुरेखा सातवी शिकलेली. मी सांगितलं, तिनं लिहिलं. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, सरकारी हापिसात कुठलीच पूजा नको. घरी करा, शंभर करा. खिडकी उघडी ठेवा. तिथं आमच्या बुद्धाची वंदना पण नको, असं मी बोललो तेव्हा तिनं मान वर केली.

"आपली पन नको?"

"आपली पन नको. खिडकी सगळ्यांची हाय."

तिनं लिहिलं. खाली पहिली सही तिनं केली.

तो घेऊन तीन वेळा त्याच हापिसात गेलो. खिडकीवरचा बोलतो, असा अर्ज घ्यायचा नियम नाय. मागचे लोक बोलतात, ए बाजूला हो, आमाला उशीर होतोय. त्यांचं पण बरोबर हाय.

सोमवारी परत जाणार. नाक्यावर काम मिळालं तरी खाडा करणार. शिक्का मारल्याशिवाय कागद परत घेणार नाय. आणि आत पूजा चालू असली, खिडकी बंद असली, तर बाहेर उभा राहून तो अर्ज मोठ्यानं वाचणार. मला धड वाचता येत नाय. अडखळेन. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.