जागा नाही, शरद

शरद गेल्याचं मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, मधेच कुणीतरी शनिवारची ढोकळ्याची ऑर्डर कॅन्सल केली होती. मीही दोन हात जोडून मोकळा झालो. वीस वर्षांची मैत्री...

आम्ही दोघं इथे अमेरिकेत, कॅरी गावात एकाच कंपनीत होतो. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, हा वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचा. तिथे त्याला एकोणिसाव्या शतकातला एक छापखानेवाला आमदार सापडला. स्वतः छपाईचे खिळे जुळवून साप्ताहिक काढायचा. निवडून आल्यावर कुठल्या आमदाराने कुणाच्या बाजूने मत दिलं ते नावानिशी छापायला लागला. एकदा दबावाखाली स्वतःच एका वाईट कायद्याला मत देऊन आला, तर तेही पहिल्या पानावर छापलं आणि पुढच्या निवडणुकीत आपटला. "अरे, स्वतःची लाज स्वतः कंपोझ केली यार त्याने!" हे सांगताना शरद खुर्चीतून उठायचा.

त्या माणसाचं चरित्र त्याने मराठीत लिहिलं. आमच्या दिवाळी अंकात ते यावं एवढीच त्याची इच्छा, आणि संपादक मी. पहिल्या वर्षी म्हणालो, "बॉस, चाळीस पानं कोण वाचणार? शॉर्ट कर." त्याने दहा केली. पुढच्या वर्षी दोन. मग अर्धं. गेल्या वर्षी चार ओळी आणून दिल्या, आणि आयत्या वेळी घरं विकणाऱ्या एजंटची जाहिरात आली म्हणून त्याही मी काढल्या. काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठला कोण गोरा आमदार, आपल्याला काय त्याचं, असं मलाच वाटायचं. कोतेपणा होता तो माझा, दुसरा शब्द नाही.

सभासद गेला की अंकात त्याला पूर्ण पान द्यायची आमच्या मंडळात पद्धत आहे. त्यासाठी गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. शरदच्या टेबलावर त्या साप्ताहिकाच्या झेरॉक्स तशाच पसरलेल्या, शेजारी चाळीस पानांचं बाड. म्हटलं, "वहिनी, हे द्या ना. त्याच्या पानावर यातलंच काहीतरी छापू."

त्यांनी आवाज चढवला नाही. "पूर्ण पान मिळायला मरावं लागतं, हे ह्यांना आधी सांगायला हवं होतंत, भावजी."

मग बाड कपाटात ठेवून त्यांनी मला चहा विचारला. मी घेतला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.