मोटरहोमची पायरी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर फक्त पिडलंय. आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे, उतारे असलं काही उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यात मी कंपनीत मेंटेनन्सला. मशीन आपोआप काही करत नाही, कुठेतरी काहीतरी ढिलं असतं – एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय...

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरात अडकून पडली होती. रिक्षात पाय दुमडत नाही, पडण्याची भीती वेगळीच. तिला जरा बाहेर फिरवता यावं म्हणून ठाण्यातल्या एका रिटायर्ड काकांकडून सेकंडहँड मोटरहोम घेतली. टेम्पोवर बांधलेली, आत दोन बिछाने, ओटा, छोटं टॉयलेट. का विकताय विचारलं तर म्हणाले, "आता जमत नाही हो."

छत गळत होतं, पाण्याचा पंप मेलेला, बॅटरी बसलेली. सगळं एकेक करून मार्गी लावलं. राहिली ती पायरी. मागच्या दाराखाली सरकणारी लोखंडी पायरी, हाताने ओढायची. पण ही बया गाडी थांबली की आपली आपणच बाहेर! हँडब्रेक लावेपर्यंत – खट्.

विठ्ठलवाडीच्या मन्सूर मेकॅनिकने स्प्रिंग बदलली, वर खिटी घातली. "दादा, अब हाताने खेचल्याशिवाय आली ना, तर माझं नाव बदल." तिथून निघून कल्याणला पंपावर थांबलो... खट्. त्याला फोन करून सांगितलं, नवीन नाव शोध.

आई मात्र खूश. "राहू दे रे, बिचारी मला उतरवते." पायरी आली की उतरायचं, असा तिने नियमच करून टाकला.

पावसाळा सरताना आम्ही दोघं खडवलीला गेलो. दुपारची वेळ. नदीच्या अलीकडे झाडाची सावली बघून गाडी रिव्हर्स घेत लावली. गवत गुडघाभर. इंजिन बंद केलं आणि नेहमीचा आवाज आलाच नाही.

"पायरी नाही आली," मागून आई म्हणाली.

"खिटी अडकली असेल. थांब, काढतो."

आतूनच मागे जाऊन दार उघडलं, वाकून पायरी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. जाम.

"चल, तशीच उतर, मी धरतो."

"मी नाही उतरणार."

"अगं आई, लहान आहेस का आता?" मी वैतागून ड्रायव्हरच्या दाराने उतरलो, वळसा घालून आलो आणि जागीच थिजलो. दारासमोर हातभर अंतरावर गवतात जुनी विहीर होती. कठडा नाही, वर नुसते वेल पसरलेले. काठीने वेल सारले तर खोल खाली पाणी. आणि आई वर दारात उभी.

आईला आत बसवलं, गाडी हळूच पुढे काढली, मोकळ्या जमिनीवर थांबवली. खट्.

संध्याकाळी काकांना फोन करून सगळं सांगितलं.

"माझे गुडघे गेलेले," ते म्हणाले. "गाडी बायकोच चालवायची. थांबली की आधी स्वतः उतरायची, जमीन बघायची, मग पायरी ओढून म्हणायची, या आता. ती गेली, म्हणून तर गाडी विकली."

त्या रविवारी आईला घेऊन गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली नेली. काका काठी टेकत आले. खट्. त्यांनी पायरीकडे बघितलं, ऑफिसातून घरी आल्यावर म्हणावं तसं "आलो गं" म्हणाले आणि चढले. जरा वेळ आत बसले. उतरताना आईने त्यांचा हात धरला. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

त्यानंतर पायरी एकदाही आपणहून आलेली नाही. मन्सूर म्हणतो, त्याची खिटी आत्ता कुठे नीट बसली. बसली असेल... पण मला पटत नाही. हल्ली मीच आधी उतरतो, जमीन बघतो, मग पायरी ओढतो. आई दारात उभी असते. मी "ये आता" म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही.