मामेसासऱ्यांची अकरा मशिनं

वस्तू नवी असताना तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारा आणि ती मालकाच्या मनातून उतरली की तिच्या प्रेमात पडणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. घराणं विणकरांचं. वडील-आजोबा हातमागावर लुगडी विणत. मामा दिवसा गांधीबागेतल्या कापडदुकानात लुगडी विकत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. पण त्यांचं खरं वैभव म्हणजे घरातल्या मधल्या खोलीत रचून ठेवलेली अकरा मशिनं: गिटारचा आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर आणि तो आवाज घुमवणारे, थरथरवणारे डबे. शहरातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्राने नवं मशीन आणलं, की जुनं न्यायला मामा सायकलरिक्षा घेऊन हजर! येताना सीटवर मशीन आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मामा शेजारून पायी. पाहणाऱ्याला वाटावं, दवाखान्यातून पेशंट घरी चालला आहे.

त्यातला थोरला म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा एक अजस्र ॲम्प्लिफायर. चालू केला की पाच मिनिटं नुसता घुरघुरायचा, मग बोलायचा. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर मामा त्याच्याकडे वळवून ठेवत. मी घामाने निथळत विचारलं, "मामा, आम्ही काय करायचं?" तर म्हणाले, "मानसाले सवय होते, जवाईबापू. मशीनले नाही होत."

आणि धाकटा म्हणजे त्यांचा जीव की प्राण असलेला घुमवायचा डबा. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राने दुसरा आणला म्हणून हा विकून टाकला होता. त्यावर इंग्रजीत 'डिजिटल' असं लिहिलेलं होतं आणि मामा ती अक्षरं रोज फडक्याने पुसत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि ते लग्नपत्रिकेत ठळक छापून घेतलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या अधिकाराने मी मामांना समजावलं, की या डब्याची स्मरणशक्ती एका सेकंदाचीही नाही, ऐकलेलं तो पुन्हापुन्हा बोलतो आणि दर खेपेला जरा जास्त खरखरीत बोलतो. मामा खूश झाले. "तेच तं! नवं मशीन कसं धुतल्या कपड्यावानी बोलते. याच्या आवाजातलं सूत लागते हाताले."

मामींना मात्र सूतही लागत नव्हतं आणि सूरही. मुलाचं लग्न ठरलं आणि मधली खोली त्याला द्यायची वेळ आली. "नवी सून काय या डब्ब्याइवर झोपंल?" मामींनी माझ्यासमोरच विचारलं. भंगारवाल्याला निरोपही गेला होता. मामा गयावया करू लागले तेव्हा मामी म्हणाल्या, "बरं. लग्न होऊ द्या. तवर यातलं एक तरी घराच्या कामी आलं तं मी विचार करीन. नाही तं समदं जाईल."

आणि लग्नाच्या दिवशी, मुहूर्त जवळ आला असताना, भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरचं मशीन बसलं! असा आनंदी वरबाप मी पाहिलेला नाही. मामा फेट्यासकट रिक्षाने घरी गेले आणि थोरल्या-धाकट्याला घेऊन आले. मी म्हटलं, "मामा, मोठं मशीन पुरे. घुमवायचा डबा लावू नका." "असं काहून? भटजीच्या आवाजाले जरा देवळाचा गाभारा लावून देतो ना!"

पहिलं मंगलाष्टक संपलं. भटजी म्हणाले, "सावधान!" आणि मांडवभर अक्षता उडाल्या. तेवढ्यात डबा म्हणाला, "सावधान!" पुन्हा अक्षता. "सावधान!" पुन्हा. मंडळी साधी, सावधान म्हटलं की अक्षता टाकायच्या, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. कोण म्हणालं, हे कोण पाहतो? सहाव्यांदा तो खरखरत 'वधान' म्हणाला, तेव्हाही मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी चार दाणे टाकलेच. भटजी दर खेपेला मागे वळून पाहत आणि स्वतःचाच आवाज संपायची वाट बघत. तिसऱ्या अष्टकाला अक्षतांची परातच संपली. मी आचाऱ्याकडे धावलो.

"भात तं मांडला ना भाऊ! पसाभर उरला तेवढा घ्या."

ते कोरे तांदूळ मी हळद न लावताच वाटले. "मामा, डबा बंद करा!" मी ओरडत होतो. मामा डोळे मिटून ऐकत होते.

मुहूर्त कसाबसा साधला. दुसऱ्या दिवशी नव्या सुनेच्या केसांतून तांदूळ विंचरता विंचरता मामी अचानक हसायला लागल्या, त्या थांबेचनात. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "तुमी शिकेल मानूस. खरं सांगा, या सामानाले काही किंमत हाय का?"

मामा माझ्याकडे बघत होते. मला खोटं बोलता येत नाही. "बाजारात काही नाही, मामी," मी म्हणालो.

"बाजाराले कोन विचारून राहिलं?" मामा एवढंच म्हणाले, पण इतक्या हळू, की मला माझ्या पदवीची पहिल्यांदाच लाज वाटली.

मामींनी निकाल दिला. "कामी आलं, हे खरं. तांदूळ संपवले, हेबी खरं. एक ठेवा. बाकीचे जाऊ द्या."

मामांनी धाकटा डबा ठेवला. नऊ मशिनं त्यांनी भंगारात न देता ऑर्केस्ट्रातल्या पोरांना वाटली. थोरला मी मागून घेतला. तेव्हापासून दर रविवारी मामा डबा पिशवीत आणि गिटार खांद्यावर घालून आमच्याकडे येऊ लागले, कारण डब्याला ॲम्प्लिफायरशिवाय वाचा नाही. ते वाजवत, मी ऐकत असे. मला संगीतातलं काही कळत नाही. पण तो सूर विरत विरत खरखरीत होऊन संपला, की मी मामांना तो पुन्हा वाजवायला सांगत असे.

गेल्या महिन्यात माझी बदली चंद्रपूरला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी म्हणालो, "मामा, हा थोरला आता तुमच्याकडे ठेवा. मामींना मी सांगतो. तिकडे याला वाजवणार कोण?"

मामांनी त्याच्याभोवती स्वतःच्या हाताने गोधडी गुंडाळली, सुतळी आवळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू द्या तुमच्यापाशीच. मले तिकडं यायले काही कारन तं पायजे."